पुस्तकाचे शेजारी

सकाळी साडेसातला श्रीपादनं टॅबवरचा पेपर कुमुदसमोर सरकवला आणि विचारलं, "ही तुझी हेमलता ना गं?"

"माझी कसली?" कुमुद म्हणाली. "विद्यापीठाची."

फोटो पहिल्याच पानावर होता. हेमलता कडू, ग्रंथपाल, वरदा विद्यापीठ. शेजारी तिचं ते नवं यंत्र आणि वर ठसठशीत मथळा: 'वासावरून लागला ताम्रपटांचा पत्ता!' कुमुदनं बातमी दोनदा वाचली आणि पोह्यांवर लिंबू पिळायचं राहूनच गेलं. बातमीत हेमलताचं नाव तेरा वेळा आलं होतं. प्राचीन इतिहास विभागाचा उल्लेख एकदाच होता, तोही 'विभागाच्या सहकार्याने' एवढाच. विभागप्रमुख डॉ. कुमुद देवतळे हे नाव शोधूनही सापडत नव्हतं.

"चांगलं काम केलेलं दिसतंय," श्रीपाद म्हणाला.

"हुंगलंय फक्त. उद्या पोलिसांचं कुत्रं आणून बसवा, तेही हुंगेल."

श्रीपाद तीस वर्षांचा अनुभवी नवरा होता. त्यानं मुकाट्यानं लिंबाची फोड तिच्या पुढ्यात ठेवली.

कुमुदबद्दल एक गोष्ट आताच सांगून टाकलेली बरी. बाई हुशार, कामाला वाघ, विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारी. पण हेमलताचं कौतुक झालं की तिच्या पोटात दुखायला लागायचं. हे दुखणं कालपरवाचं नव्हतं. एम.ए.ला दोघी एका बाकावर होत्या तेव्हाचं होतं. ब्राह्मी अक्षरं कुमुद तासभर डोळे फोडून लावायची आणि हेमलता चहा पिता पिता लावायची. कुमुद विभागप्रमुख झाली, हेमलता इतिहास सोडून ग्रंथालयात गेली, तरी ते दुखणं गेलं नाही. नुसतं दबून राहिलं होतं, आणि आज पहिल्या पानावर आलं होतं.

बातमी खरीही होती, म्हणून जास्त झोंबत होती. विद्यापीठाकडे अकराशे पोथ्या होत्या आणि पाच बेवारशी ताम्रपट होते. गेल्या शतकात कोणाकोणाकडून, तुकड्यातुकड्यांनी घेतलेले. कुठे सापडले याची नोंद नाही. कुमुदनं वीस वर्षांत त्या पाच ताम्रपटांवर सात लेख लिहिले होते आणि प्रत्येकात 'प्राप्तिस्थान अज्ञात' असं छापलं होतं. हेमलताच्या यंत्रानं चार महिन्यांत सिद्ध केलं की त्रेसष्ट पोथ्या आणि ते पाचही ताम्रपट कधी काळी एकाच लाकडी पेटीत शेजारी शेजारी होते. पोथ्यांवर मठाचं नाव होतं. म्हणजे ताम्रपटांचं गावही मिळालं.

"अज्ञात म्हणे," कुमुद स्वतःशीच पुटपुटली आणि पोहे तसेच टाकून उठली.

*

त्या गुरुवारी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात यंत्राचं प्रात्यक्षिक होतं. न जाऊन चालणार नव्हतं. विभागाची पोरं सगळी तिथंच निघाली होती. कुमुद पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि चेहरा जितका कोरा ठेवता येईल तितका तिनं ठेवला.

यंत्राचं सरकारी नाव 'सान्निध्यमापक', पण ग्रंथालयातला जुना कर्मचारी गुलाबराव मेश्राम यानं त्याला पहिल्याच दिवशी 'हुंग्या' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. चहाच्या गाड्याएवढं ते यंत्र. चार चाकं, एक लवचिक नळी, नळीच्या टोकाला करंगळीएवढी बोंडी. ती पुस्तकाच्या पुठ्ठ्याला टेकवली की आत बारीक फुर्रर्र असा आवाज व्हायचा.

"जुन्या पुस्तकाचा वास सगळ्यांना आवडतो," हेमलता सांगत होती. खादीची साधी साडी, केस तसेच पांढरे ठेवलेले, आवाजात कसलीही घाई नाही. "पण तो वास म्हणजे पुस्तक झिजत असल्याची खूण असते. कागद, खळ, सरस, कातडं, रेक्झीन, सगळं दरवर्षी थोडंथोडं विरतं आणि त्याचे रेणू हवेत जातात. प्रत्येक पुस्तकाचं मिश्रण निराळं. आता घरी हिंगाच्या डबीला खेटून रव्याचा डबा ठेवून बघा. महिन्यानं शिऱ्याला हिंगाचा वास येतो की नाही?"

पोरं हसली.

"पुस्तकांचंही तेच. शेल्फवर दोन पुस्तकं घट्ट खेटून उभी असतात. एकाचे रेणू दुसऱ्याच्या पुठ्ठ्यात मुरतात. आपल्या नाकाला ते कळत नाही, याला कळतं. आणि मुरलेले रेणू एका जागी बसत नाहीत. वर्षागणिक आत आत सरकतात. किती वेगानं सरकतात ते आपण मोजलंय. म्हणून जुना शेजारी पुठ्ठ्यात खोल सापडतो, नवा शेजारी वरच्यावर. थराची जाडी पाहिली की शेजार किती दिवस होता तेही अंदाजानं सांगता येतं. ताम्रपटांचं तर सोपं होतं, पोथ्यांच्या रुमालात तांबंच उतरलं होतं."

कुमुदला राहवलं नाही. "म्हणजे यापुढे विभागात इतिहासकारांच्या जागी नाकंच भरायची म्हणा की!"

पोरं पुन्हा हसली. हेमलताही हसली. "नाक फक्त पत्ता सांगणार, मॅडम. त्या घरात कोण राहत होतं ते तुम्हीच सांगायचं."

टाळ्या पडल्या. कुमुदनंही दोन वाजवल्या आणि मनातल्या मनात जळाली. चारचौघांत टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो असा प्रेमानं परत करावा, याच्याइतकं अंगाचा तिळपापड करणारं दुसरं काही नसतं.

मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, पुस्तक चुकीच्या शेल्फवर राहिलं असेल तर ते पण कळेल?"

"कळेल ना. पुढच्या आठवड्यापासून आपण खुल्या मांडणीतली सगळी पुस्तकं तपासतोय. आधी जुने अहवाल आणि सूच्या. प्रत्येक पुस्तक कुठे कुठे राहून आलं ते खुलं करणार, कोणालाही बघता येईल." हेमलता नळी गुंडाळत होती. "परीक्षेच्या दिवसांत तुम्ही पुस्तकं भलत्याच कपाटात दडवून ठेवता ना, लेको? कुठे दडवलं, किती दिवस दडवलं, सगळं बाहेर येईल."

हशा पिकला. कुमुद मात्र मनातल्या मनात जुने महिने मोजायला लागली. हेमलतानं हे बोलताना तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

*

आता २०११ सालात जायला हवं, म्हणजे बरोबर तीस वर्षं मागं.

पिंपळझरी ताम्रपट तीन पत्र्यांचा. वाकाटकांच्या एका मांडलिक घराण्यानं दिलेलं दान त्यात कोरलेलं. पहिला आणि तिसरा पत्रा संग्रहालयात, मधला हरवलेला. दान कोणी दिलं हे मधल्या पत्र्यावर होतं, आणि नेमका तोच नाही. कुमुद आणि हेमलता दोघींच्या पीएच.डी.चा विषय या घराण्याभोवतीच फिरत होता. मार्गदर्शक वेगळे, खोली एक, टेबल एक. एकमेकींचे डबे खायच्या, आणि एकीनं वही उघडली की दुसरी नजर चुकवून डोकवायची.

विदर्भातला मे महिना. वाचनकक्षात बसवेना म्हणून कुमुद मागच्या कोपऱ्यातल्या कूलरपाशी जाऊन बसली. तिथं गणिताची कपाटं होती. लॉगॅरिदमच्या तक्त्यांची रांग, कॅल्क्युलेटर आल्यापासून कोणी हात न लावलेली. त्या रांगेत एक पुस्तक उंचीनं बसत नव्हतं. तिनं ते ओढून काढलं. रावसाहेब भुस्कुटे नावाच्या शाळा तपासनिसाचा १९०८ चा अहवाल, जिल्ह्यातल्या शिलालेखांची आणि ताम्रपटांची यादी. आणि शेवटच्या घडीच्या पानावर पिंपळझरीच्या तिन्ही पत्र्यांचे ठसे. तिन्ही!

रावसाहेबांनी पत्रा हरवण्याआधी त्याचा ठसा घेतला होता आणि कोणाला पत्ताच नव्हता. कुमुदनं उभ्या उभ्या चार ओळी लावल्या. दान राणीनं दिलं होतं, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या मुद्रेनं.

पुस्तक घरी न्यायला परवानगी नव्हती. झेरॉक्सला बंदी, मोबाइल दाराशी जमा. ठसा हातानंच उतरवायचा, मग वाचायचा, मग लेख. महिने लागणार होते. नवाच लागलेला गुलाबराव तेव्हा पुस्तकं कुठंही खुपसायचा; त्यानंच हे इथं खुपसलं असणार, असं कुमुदनं धरलं. पुस्तक योग्य जागी ठेवलं तर हेमलताच्या हाती लागायला किती वेळ? आठवडा? आणि हेमलता तो ठसा चहा पिता पिता वाचून मोकळी झाली असती.

कुमुदनं पुस्तक ओढणीखाली धरलं, तळघरात गेली आणि कुक्कुटपालनाच्या शेल्फवर, 'अंडी उबवणी केंद्रांचे वार्षिक अहवाल' यांच्या मधोमध सरकवून दिलं. तिथं माणूस फिरकत नसे. चौदा महिने ती रोज तिथं बसून ठसा उतरवत राहिली. लेख छापून आला त्या आठवड्यात तिनं पुस्तक गुपचूप सूच्यांच्या शेल्फवर, त्याच्या खऱ्या जागी नेऊन ठेवलं.

लेखानं तिचं आयुष्य घडलं. नोकरी, नाव, परदेशातली भाषणं. हेमलतानं त्याच वर्षी प्रबंध अर्धवट सोडला आणि ग्रंथालयशास्त्राला नाव घातलं. का सोडला ते कुमुदनं कधी विचारलं नाही. आपण चोरलं नाही, आपल्याला सापडलं, आधी सापडलं, एवढं ती स्वतःला सांगत आली होती. या एका वाक्यावर तिची झोप तीस वर्षं शाबूत होती.

आणि आता पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या नव्या 'प्राचीन विदर्भ अध्यासना'वर नेमणूक व्हायची होती. नाव एकच चर्चेत होतं. शिफारसपत्राची पहिलीच ओळ होती, 'पिंपळझरी ताम्रपटाच्या मधल्या पत्र्याचा शोध लावणाऱ्या'. त्या ओळीवरच घाला येणार होता.

*

माणूस घाबरला की अक्कल गहाण पडते. कुमुद ग्रंथालय समितीची सदस्य होती. पुढच्याच बैठकीत तिनं तळघरातली कुक्कुटपालनाची पुस्तकं बाद करायचा ठराव मांडला. कालबाह्य आहेत, बुरशी लागली आहे, जागा अडली आहे, वगैरे वगैरे. हेमलता सचिव म्हणून बसली होती. तिनं काहीही न विचारता ठराव लिहून घेतला आणि वर म्हणाली, "देवतळे मॅडमचं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी कुमुद स्वतः तळघरात जाऊन उभी राहिली. गुलाबराव पुस्तकांचे गठ्ठे बांधत होता. त्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि जिभेचा लगाम सुटला होता.

"मॅडम, या कोंबड्यायच्या पुस्तकायनं तुमचं काय बिघडवलं होतं जी?"

"बुरशी लागलीय, गुलाबराव."

"कायची बुरशी! कृषी कॉलेजवाल्यायनं इतकं गॅमेक्सिन मारून पाठोलं होतं का किडा काय, पालबी जवळ येत नाही." त्यानं गठ्ठ्यावर चापट मारली आणि शिंकला. "हुंग्या त याच्या वासानं वेडा होते. परवा एका पुस्तकात इतकं गॅमेक्सिन निंघालं का कडू मॅडम पाहतच राहिल्या."

कुमुदनं विचारलं, "कुठल्या पुस्तकात?"

"तेच न, तुमचं. भुस्कुटे रावसाहेबाचं."

"पण... ही पुस्तकं तर आपण आता काढतोय."

"हे काढून काय होते?" गुलाबराव तिच्याकडे लहान पोरीला समजवावं तसं बघत म्हणाला. "ज्याच्यात मुरला त्याच्या पोटात वास राह्यते. शेजारी मेला तरी राह्यते."

हे हेमलतानं भर सभेत सांगितलं होतं. रव्याचा डबा, हिंगाची डबी. पण ते ऐकताना कुमुदचं लक्ष टाळ्यांकडे होतं. हिंगाची डबी फेकून दिली म्हणून शिऱ्याचा वास जात नाही, एवढी साधी गोष्ट त्या विदुषीच्या डोक्यात आली नव्हती. उलट ठराव मांडून तिनं स्वतःच्याच हातानं बोट त्या कपाटाकडे दाखवलं होतं.

तेवढ्यात फोनवर निरोप आला. 'कुमुद, वेळ असेल तर चार वाजता केबिनमध्ये ये. हेमलता.' वीस वर्षं 'मॅडम' म्हणणारी बाई आज नुसतं 'कुमुद' म्हणत होती.

*

हेमलताची केबिन लहान, खिडकीत मनी प्लांट, टेबलावर भुस्कुट्यांचा अहवाल. कुमुदनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"बस. चहा सांगू?"

"नको. बोल."

हेमलतानं पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर पुठ्ठ्याचा काप दिसत होता, एकावर एक रंगाचे पट्टे. "हा वरचा जाड पट्टा बघ. गेली एकोणतीस वर्षं. सूच्यांचं शेल्फ, जिथं असायला हवं तिथंच. त्याच्या खाली हा पिवळा. गॅमेक्सिन आणि कृषी कॉलेजचा पुठ्ठा. यंत्र म्हणतंय एक ते दीड वर्ष."

"चौदा महिने," कुमुद म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिला थांबवेना. "मी लपवलं. कोंबड्यांच्या अहवालांत. तुला मिळू नये म्हणून. तू माझ्यापेक्षा पटकन वाचलं असतंस, मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं, आताही आहे. झालं समाधान? आता कुलगुरूंना सांग, पेपरात दे, फोटो छाप माझा. एकदाचं कर काय ते."

"मला माहीत होतं," हेमलता शांतपणे म्हणाली.

"गुलाबरावानं सांगितलं?"

"तुझा लेख आला त्या दिवसापासून माहीत आहे. त्याच टेबलावर बसून वाचला मी तो."

"तीस वर्षं? मग बोलली का नाहीस? तक्रार करायचीस! रडायचंस, भांडायचंस!"

"पिवळ्याच्या खाली बघ."

पिवळ्या पट्ट्याला लागून खाली, सूच्यांच्या जुन्या थराच्या वर, एक तपकिरी रेघ होती. बारीक, पण स्पष्ट.

"रेक्झीन आणि स्वस्तातला सरस," हेमलता म्हणाली. "लॉगॅरिदमचे तक्ते."

"हो, तिथंच तर मला सापडलं ते. गुलाबरावानं चुकून खुपसलं होतं..."

"गुलाबरावानं नाही."

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. कुमुद त्या तपकिरी रेघेकडे बघत राहिली. मग हळूहळू तिची नजर हेमलताकडे वळली. हेमलताचे कान लाल झाले होते, एम.ए.ला व्हायचे तसेच.

"यंत्र म्हणतं एक ते दोन महिने," हेमलता म्हणाली. "मी सांगते, फार तर एकेचाळीस दिवस. एप्रिलमध्ये मला ते पुस्तक मिळालं. एक दिवस मिळाला बसायला, सात ओळी उतरवल्या. राणीचं नाव वाचलं. संध्याकाळी फोन आला, बाबांचं ऑपरेशन. गावाला जायचं होतं. पुस्तक जागेवर ठेवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी काढलं असतंस. तुझं कसं होतं, चिकाटीनं एकेक शेल्फ चाळत यायचीस. म्हणून तक्त्यांत घातलं. एकेचाळिसाव्या दिवशी परत आले तर जागा रिकामी."

"आणि मग?"

"मग काय? ग्रंथपालांना काय सांगणार होते? की मी लपवलेलं पुस्तक दुसऱ्या कोणीतरी लपवलं?" हेमलता हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "प्रबंधात त्या सात ओळी घातल्या. तेवढ्यात तुझा लेख आला. सर म्हणाले, कुमुदच्या लेखातून उचललंस. पुरावा काय होता माझ्याकडे? तीन महिने घरात बसून रडले. मग बी.लिब.चा फॉर्म आणला. म्हटलं, पुस्तकं कुठं जातात ते तरी कळेल."

खरं म्हणजे कुमुदला इथं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चोर ती एकटी नव्हती. पण मनुष्याचं मन असं सरळ चालत नाही. तिच्या छातीत काहीतरी रुतलं, आणि ते दुःख नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. तो निव्वळ हेवा होता, तीस वर्षांत झाला नव्हता एवढा. बाकी सगळं गेलं तरी 'आधी मला सापडलं' एवढं तिचं स्वतःचं होतं. आज तेही हेमलताचं निघालं.

"म्हणजे आधी तू पाहिलंस," ती म्हणाली.

"हो. आधी मी."

हेमलता पुढं झुकली. "हे बघ कुमुद. अहवाल सोमवारी खुला करायचाय. साडेचारशे पुस्तकं आहेत त्यात. या एकाचा नमुना खराब निघाला असं लिहिते आणि गाळते. मलाही बरं, तुलाही बरं. तुझं अध्यासन होऊ दे. मला आता त्यातलं काही नकोय."

किती सोपं होतं! फक्त 'हो' म्हणायचं, उठायचं, श्रीपादला सांगायचं की संध्याकाळी बाहेर जेवू. कुमुदनं तोंड उघडलंही. आणि तिला दिसलं की तो 'हो' म्हटला की यापुढे अध्यासनाच्या खुर्चीत बसताना, भाषण करताना, हार घेताना, समोरच्या रांगेत ही पांढऱ्या केसांची बाई शांतपणे बसलेली असणार. आधी मी, हे मनात ठेवून. आणि वर दिलं, हेही मनात ठेवून.

"नाही," कुमुद म्हणाली.

"अगं, विचार कर."

"तू कोण मला अध्यासन देणारी?" ती उठून उभी राहिली. "तुझे उपकार? हेमलता, तुझी बातमी वाचून मी पोहे टाकून उठते, आणि तुझ्या दयेवर खुर्चीत बसू? मेले तरी बसणार नाही. लाव तो अहवाल. पिवळा पट्टा लाव, तपकिरी लाव. सगळं लाव."

"अध्यासन जाईल."

"जाईल तर जाईल!" म्हणाली खरी, पण ते खरोखरच जाणार होतं. 'शोध लावणाऱ्या' ही ओळ पुसली जाणार होती, पोरं कुजबुजणार होती, श्रीपादला लोक फोन करणार होते. कुमुद पुन्हा खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसले. "मी काही मोठी सत्यवादी बिवादी नाही हं. मला तुझं देणं सहन होत नाही, एवढंच आहे ते."

"ठाऊक आहे मला," हेमलता म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "मला तुझा लेख सहन झाला नव्हता. अजून होत नाही. दरवर्षी काढून वाचते आणि चूक शोधते. सापडत नाही."

"खरंच नाही सापडत?" कुमुदनं चटकन विचारलं.

"एकही नाही. मेलीनं काम चोख केलंय."

कुमुदला त्या एका वाक्यानं जितकं बरं वाटलं तितकं तिला कुठल्याही पुरस्कारानं वाटलं नव्हतं. तिनं नाक शिंकरलं. "नुसते पट्टे लावून कोणाला काय कळणार? टिपण लिहायला हवं. काय झालं, कसं झालं, मधला पत्रा पहिल्यांदा कोणी वाचला. दोघींच्या सहीनं."

"लिहू," हेमलता म्हणाली आणि कीबोर्ड पुढं ओढला. बोलत बोलत तिनं अक्षरं उमटवली. "पिंपळझरी ताम्रपटाचा मधला पत्रा: एक दुरुस्ती. हेमलता कडू आणि कुमुद देवतळे."

"थांब, थांब. तुझं नाव आधी का?"

"आडनावाप्रमाणे. क आधी, द नंतर."

"काही नाही. तू एकेचाळीस दिवस लपवलंस, मी चौदा महिने. गुन्हा माझा मोठा आहे. माझं नाव आधी घाल."

"मोठा तुझाच," हेमलता म्हणाली. तिनं मान वर केली नाही, कीबोर्डवरचा हातही काढला नाही. "पण पहिला माझा."

कुमुदला ते झोंबलं, चांगलंच झोंबलं. पण तिनं कीबोर्ड ओढून घेतला नाही.